चार काट्यांवरचा पलंग

आधी डायलिसिसच्या भाऊंचं सांगते, मग काय झालं ते. भाऊ नसते तर वणीची एक बाई आज तिच्या खणा-नारळाच्या दुकानात बसलेली नसती, आणि मी नाशकात नसते. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर ते म्हणतील, नावाचा काय उपयोग, वजन लिहा. आणि त्यांचं वजन त्या काळात आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. जगाची वजनं सांगणारा तो माणूस स्वतः कधी काट्यावर चढला नाही.

मी कामाला लागले त्या पहिल्या सकाळी ते आयसीयूच्या दारातून डायलिसिसचं मशीन ढकलत आत आले. उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशात तीन पेनं. माझ्याकडे त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहिलं. मी घाबरून पदर सारखा केला.

"सत्तेचाळीस," ते म्हणाले.

"नाही हो, चौतीस," मी म्हटलं. मला वाटलं वय विचारतायत.

त्यांनी मला कोपऱ्यातल्या काट्यावर उभं केलं. सत्तेचाळीस किलो आणि वर शंभर ग्रॅम. "चपला," ते म्हणाले आणि मशीन ढकलत निघून गेले. तेव्हापासून मी सत्तेचाळीस ताई. बाकी सगळे मला मावशी म्हणत, कारण आयसीयूत साफसफाई करणारी, पेशंटचं खालचं-वरचं बघणारी बाई वीस वर्षांची असो की साठ, ती मावशीच असते.

भाऊंना नावं लक्षात राहत नसत, वजनं राहत. नव्या डॉक्टर मॅडमना ते त्रेसष्ट मॅडम म्हणायला लागले तेव्हा मॅडमनी तक्रार केली. भाऊंनी ऐकून घेतलं, विचार केला, म्हणाले, "बरं. बासष्ट म्हणतो." आमच्या सिस्टरच्या नातवाच्या बारशाला गेले, बाळ हातावर घेतलं, "तीन आठशे" म्हणाले आणि परत दिलं. नाव काय ठेवलं ते विचारलं नाही. जेवून आले. सिस्टरनं घरी जाऊन मोजलं, तीन आठशेच होतं. तिला त्याचा जास्तच राग आला.

हे सगळं त्यांच्याकडे वडिलांकडून आलेलं. वडील लासलगावच्या मार्केट यार्डात तोलणार होते, म्हणजे लिलाव झालेला कांदा तोलून देणारे. ट्रॅक्टर यार्डात शिरला की टायर किती दबलाय ते बघून आकडा सांगायचे, असं भाऊ सांगत. पुढं भुईकाटा आला. अख्खा ट्रॅक्टर कांद्यासकट काट्यावर उभा करायचा, मग रिकामा उभा करायचा, वजाबाकी केली की झालं. वडिलांचं काम गेलं, पण ते रोज भुईकाट्याजवळ जाऊन उभे राहायचे आणि मशीनच्या आधी आकडा सांगायचे. "जिंकायचे?" मी एकदा विचारलं. "बरोबरी व्हायची," भाऊ म्हणाले.

वडिलांचं एक पाच किलोचं लोखंडी वजन भाऊंच्या डब्याच्या पिशवीत कायम असायचं. खाली सरकारी शिक्का मारलेला. डबा, पाण्याची बाटली आणि ते वजन. बाटलीवर त्यांनी मार्करनं रेघा मारलेल्या होत्या, आणि प्यायलेलं पाणी ते लिहून ठेवत. चहा कुणी दिला तर आधी विचारत, "किती आहे?" कपभर म्हटलं की घेत नसत. सिस्टर शेवटी वैतागून म्हणायची, "ऐंशी मिली आहे, प्या आता."

आता माझं. माझं गाव किनवटच्या पुढं, तेलंगणाची हद्द जिथून दिसते तिथं. सातवीनंतर शाळा चार कोसांवर होती आणि धाकटी दोन भावंडं सांभाळायला घरी कुणी नव्हतं, म्हणून शाळा सुटली. नवऱ्याला नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात काम लागलं तेव्हा आम्ही इकडे आलो. मी मुळात घाबरट. घराला कुलूप लावून निघाले तरी कोपऱ्यावरून परत जाऊन ओढून बघते. या नोकरीत चूक झाली तर मला परत पाठवतील, आणि परत जायचं तर कुठल्या तोंडानं, हे मला रोज वाटायचं. म्हणून मी सगळ्यांपेक्षा जास्त स्वच्छ काम करायची. माझी चूक त्या स्वच्छतेतूनच झाली.

आयसीयूत माणूस सहसा किडनीचं दुखणं घेऊन येत नाही, हे मला भाऊंनी समजावलं. येतो दुसऱ्याच कशानं. न्यूमोनिया, साप, पोटात पू, बाळंतपणातला रक्तस्राव. मग ब्लडप्रेशर पडतं, आणि सगळे छातीकडे, डोक्याकडे बघत असताना किडनी मागच्या मागं बंद पडते. ती दुखत नाही. पेशंट बेशुद्ध असतो, तो काही सांगत नाही. रक्ताच्या रिपोर्टात कळतं, पण रिपोर्ट एक-दोन दिवस मागून चालतो. लगेच कळायची जागा एकच, पलंगाला लटकवलेली लघवीची पिशवी. म्हणून तासातासाला मोजायचं. आत किती पाणी गेलं, सलाईन, औषधं, नळीतून दिलेलं दूध सगळं धरून, आणि बाहेर किती आलं. आमच्याकडे आपोआप मोजणाऱ्या पिशव्या नव्हत्या. पिशवीची तोटी उघडून लघवी मापाच्या भांड्यात काढायची, ते माझं काम. भांड्यावरचा आकडा वाचून कागदावर लिहायचा, ते सिस्टरचं काम.

भाऊंचा या कागदावर विश्वास नव्हता. "कागद माणसं लिहितात," ते म्हणत. बसता-उठता येणारा पेशंट असेल तर डायलिसिसच्या आधी आणि नंतर त्याचं वजन करायचंच, ती सगळीकडची पद्धत. पण आयसीयूतला व्हेंटिलेटरवरचा माणूस काट्यावर उभा कसा करणार? भाऊंनी चार साधे काटे आणले, लोक घरी बाथरूममध्ये ठेवतात तसले. गाडीचा छोटा जॅक आणला. पलंगाचा एकेक पाय जॅकवर अलगद उचलायचा, खाली काटा सरकवायचा, चाक घसरू नये म्हणून लाकडी खाच करून घेतलेली होती त्यात बसवायचं. चारही पाय काट्यांवर आले की व्हेंटिलेटरच्या नळ्या एकानं हातात अधांतरी धरायच्या, सलाईनचा स्टँड बाजूला, पलंगाला कुणी हात लावायचा नाही, आणि चार आकड्यांची बेरीज. त्यातून रिकाम्या पलंगाचं वजन वजा. लासलगावचा भुईकाटाच तो, फक्त ट्रॅक्टरच्या जागी माणूस.

डॉक्टर हसायचे. पण भाऊ प्रत्येक पेशंटचं दिवसाआड वजन करायचेच. नातेवाईक काचेतून बघायचे आणि विचारायचे, "पेशंट कसा आहे?" भाऊ म्हणत, "कसा ते डॉक्टर सांगतील. किती आहे ते मी सांगतो."

वणीची ती बाई सोमवारी आली. वय पंचेचाळीसच्या आसपास. देवीच्या पायऱ्यांजवळ नवरा-बायकोचं दुकान. पायाला काहीतरी लागलं होतं, त्यात पू झाला, तो रक्तात पसरला. आली तेव्हा ब्लडप्रेशर लागत नव्हतं, श्वासाला मशीन लावावं लागलं. भाऊंनी मंगळवारी सकाळी, रजेवर जाण्याआधी, पलंग काट्यांवर चढवला. अठ्ठावन्न किलो. वहीत लिहिलं आणि मंगळवार, बुधवार दोन दिवस रजेवर गेले. पुतणीचं लग्न होतं लासलगावला.

त्या दोन दिवसांत सगळं चांगलं चाललं होतं, असं आम्हाला वाटत होतं. बाईला तासाला साठ मिली लघवी होत होती. कधी पंचावन्न. डॉक्टर मॅडम पिशवी बघून म्हणाल्या, "रंगही छान फिका आहे." किडनीचे डॉक्टर संध्याकाळी येऊन गेले. रक्तातलं क्रिएटिनीन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायची घाण, वाढतंय, म्हणाले, पण लघवी होतेय तर डायलिसिसची घाई नको, सलाईन चालू ठेवू. ब्लडप्रेशरसाठी सलाईन लागतच होतं. दुसऱ्या दिवशी बाईचे हात सुजले, बांगड्या रुतायला लागल्या, ऑक्सिजन वाढवावा लागला. छातीत इन्फेक्शन गेलं असेल, असं ठरलं.

तिचा नवरा बाहेर बाकड्यावर बसून असायचा. पांढरी टोपी, हातात पिशवी. भेटायच्या वेळेत आत आला की बायकोच्या कपाळाला कुंकू लावायचा आणि मला म्हणायचा, "मावशी, तुम्ही हात लावता ना तिला, लय बरं वाटतं मला. तुमच्या हाताला गुण हाय." मला ते ऐकून बरं वाटायचं. हे मुद्दाम लिहून ठेवते.

गुरुवारी सकाळी भाऊ आले. बाईकडे बघितलं आणि दारातच थांबले.

"चौसष्टच्या वर," ते म्हणाले.

"सूज आहे थोडी," सिस्टर म्हणाली.

"थोडी म्हणजे किती ग्रॅम?"

पलंग काट्यांवर चढला. नळ्या मी धरल्या. बेरीज झाली, वजाबाकी झाली. साडेचौसष्ट. म्हणजे साडेसहा किलो वाढ. आणि कागद म्हणत होता, दोन दिवसांत आत गेलं त्यातून बाहेर आलेलं वजा जाता शिल्लक अडीच किलो.

"तुमचे काटे बाथरूमचे आहेत, भाऊ," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

भाऊंनी पिशवीतून वडिलांचं वजन काढलं आणि पलंग उतरवल्यावर एकेका काट्यावर ठेवून दाखवलं. पाच, पाच, पाच, पाच. मग ते पलंग तपासायला लागले. उशीखाली देवीचा फोटो निघाला, काचेच्या फ्रेमसकट. गादीखाली एक नारळ. पायाशी चादरीत गुंडाळलेलं पूजेचं लुगडं आणि कुंकवाचा मोठा पुडा. बाहेरून नवरा धावत आला.

"काढू नका, डॉक्टरसाहेब. देवीचं हाय ते."

"मी डॉक्टर नाही," भाऊ म्हणाले. "देवीचं किती आहे तेवढं बघतो."

दीड किलो होतं. त्यांनी ते सगळं कपाळाला लावून पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवलं. मॅडम आणि सिस्टर हसायला लागल्या. झालं, सापडलं, नारळ होता. मॅडम पुढच्या पेशंटकडे वळल्यासुद्धा.

"पाच राहिले," भाऊ म्हणाले. "कागद अडीच म्हणतोय. अडीच किलो कुठून आले?"

"भाऊ, बाकीची कामं आहेत हो," सिस्टर म्हणाली.

भाऊंनी स्टूल ओढलं आणि पलंगापाशी बसले. हातावर हात ठेवून, लिलाव बघायला बसल्यासारखे. त्यांनी सलाईनचे थेंब बघितले. औषधांच्या पंपांवरचे आकडे बघितले. नळीतून दूध दिलं ते बघितलं. बाईच्या नडगीवर अंगठा दाबला आणि खड्डा भरून यायला किती वेळ लागतो ते मोजलं. मग अकरा वाजले आणि मी आले.

मी नेहमीसारखी वाकले, पलंगाखालचं भांडं ओढलं, पिशवीची तोटी उघडली, लघवी काढली, भांडं सिस्टरला दाखवलं.

"साठ," सिस्टरनं लिहिलं.

मी भांडं संडासात ओतलं, तीनदा विसळलं, त्यात दोन बोटं स्वच्छ पाणी घेतलं आणि पलंगाखाली ठेवलं.

"ताई," भाऊ म्हणाले, "ते भांडं जरा मला द्या."

मी दिलं. त्यांनी उजेडात धरलं. पन्नास मिली.

"हे पाणी कशाचं?"

"रिकामं ठेवू नये म्हणून," मी म्हटलं.

आमच्याकडे घरात भांडं रिकामं ठेवत नाहीत. घागर असो, तांब्या असो, धुतलं की तळाला थोडं पाणी ठेवायचंच. आई आजारी असली तरी उठून तेवढं करायची. कळायला लागल्यापासून माझा हात तसाच चालतो. आणि इथं त्याचा फायदाही दिसला होता, पाणी असलं की भांड्याला वास धरत नाही. सिस्टरनं सगळ्या मावश्यांसमोर कौतुक केलं होतं, "बघा हिच्या पलंगाखाली, नाकाला रुमाल लावावा लागत नाही." ते ऐकून दुसऱ्या पाळीची मावशीसुद्धा तसंच करायला लागली होती. मी भांडं द्यायची, सिस्टर आकडा वाचायची. आत आधीपासून काय आहे ते तिला माहीत नव्हतं, आणि आकड्याला पाणी चालत नाही ते मला माहीत नव्हतं. ज्यांना शंभर-दीडशे मिली व्हायची त्या पेशंटांचं त्यात काही बिघडलं नाही. या बाईला होत होती दहा.

भाऊंनी भांडं टेबलावर ठेवलं.

"पन्नास गुणिले अठ्ठेचाळीस किती, ताई?" भाऊंनी मला विचारलं.

मला वाटलं ते माझी चेष्टा करतायत. चेहरा बघितला तर तसा नव्हता. मी मनात केलं. सातवीपर्यंतचे पाढे कामाला आले.

"दोन हजार चारशे."

"अडीच किलोला शंभर कमी," ते म्हणाले. "शंभर माझ्या काट्यांचे."

मग ते उठले आणि मॅडमना म्हणाले, "लघवी बंद आहे, मॅडम. दोन दिवस. छातीत पू नाही, पाणी आहे. मी मशीन आणतो, तुम्ही किडनीच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावा." त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मॅडमना आकड्याशिवाय हाक मारली.

तासाभरात मोठे डॉक्टर आले. मानेतल्या शिरेत जाड नळी घातली. ताजा रिपोर्ट आला, त्यात पोटॅशियम हृदय बंद पडेल इतकं वाढलं होतं. ब्लडप्रेशर आधीच औषधावर उभं, त्यामुळे भराभर पाणी ओढता येत नाही, ओढलं तर तेही पडतं. हळूहळू करायचं, आठ-आठ तास. भाऊंनी मशीन लावलं आणि समोर बसून राहिले. डबा उघडला नाही. दर पंधरा मिनिटांनी ब्लडप्रेशर बघायचे, पाणी ओढायचा वेग थोडा कमी-जास्त करायचे, परत बसायचे.

मी भिंतीला टेकून उभी होते. बाहेरच्या बाकड्यावर तिचा नवरा नारळ मांडीवर घेऊन बसला होता. तो काचेतून मला हात जोडत होता. मला तिथून कुठं जावं ते कळेना. ती गेली तर ती माझ्या हातानं गेली, एवढंच डोक्यात होतं.

"सत्तेचाळीस ताई," भाऊ मशीनवरची नजर न काढता म्हणाले, "उभ्या राहून तिचं वजन कमी होत नाही. बेरीज करायला या."

त्या दिवसापासून चार काट्यांची बेरीज मी करायची असं त्यांनी ठरवलं. तोंडी. कागद नाही, मोबाइल नाही. चुकले की ते चूक म्हणायचे नाहीत, "परत" म्हणायचे.

दोन दिवसांनी मला ऑफिसात बोलावलं. आतमध्ये हॉस्पिटलचे मोठे साहेब, सिस्टर, मॅडम. साहेब म्हणाले, मावशीला काढावं लागेल. मी मान हलवली. मला ते बरोबरच वाटत होतं. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं होतं, गॅसची शेगडी कुणाला द्यायची इथपर्यंत आले होते.

भाऊ न बोलावता आत आले आणि उभ्यानंच बोलले.

"काढा. हिनं पाणी ठेवलं. सिस्टरनं भांड्यात न बघता आकडा वाचला, तिलाही काढा. मॅडम म्हणाल्या रंग छान आहे. पाण्याचा रंग छानच असतो, त्यांनाही काढा. मोठ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून कागदावर विश्वास ठेवला, त्यांना कळवा. आणि मी दोन दिवस लग्नात बुंदी खात होतो. माझ्यापासून सुरुवात करा, मी सगळ्यात जुना आहे."

साहेब म्हणाले, "अहो, मग आयसीयूत राहील कोण?"

"तेच मी विचारायला आलो," भाऊ म्हणाले.

कुणालाच काढलं नाही. सिस्टर बाहेर आल्यावर माझ्याशी बोलेना. चार दिवसांनी स्वतःहून आली, म्हणाली, "मावशी, मी आत बघायला पाहिजे होतं गं." आणि मीच रडायला लागले, तिलाच माझी समजूत घालावी लागली.

पण बाई शुद्धीवर यायची होती. रोज सकाळी पलंग काट्यांवर. बासष्ट. एकसष्ट दोनशे. साठ. मी आकडा सांगायची, भाऊ वहीत लिहायचे. पाणी उतरलं तसा श्वास सुधारला, सातव्या दिवशी मशीनची नळी निघाली. बाईनं डोळे उघडून पहिल्यांदा काय विचारलं तर दुकान कोण बघतंय. पिशवी मात्र कोरडी. पाच, आठ, पाच. ते खरे आकडे होते, आणि ते लिहिताना सिस्टर दोनदा भांड्यात बघायची.

याच दिवसांत एकदा भाऊंनी मला दारात थांबवलं.

"पंचेचाळीस झालात," ते म्हणाले. "जेवत नाही?"

घरी नवराही रोज तेच विचारत होता, "जेवायली का नाहीस?" त्याला मी सांगितलं नव्हतं. यांना न सांगता कळलं होतं.

"भाऊ, ती नाही वाचली तर?"

त्यांनी विचार केला. खोटा धीर देणं त्यांना जमत नसे. "किडनी बंद पडते तशी कधी कधी परतही सुरू होते," ते म्हणाले. "तोपर्यंत तिचं काम मशीन करतं. आपण फक्त मध्ये चुकायचं नाही. तिला वेळ लागेल. तुम्ही दोन किलो परत आणा, तिच्या आधी."

आणि जाता जाता म्हणाले, "घरी भांड्यात पाणी ठेवता का अजून?"

"नाही," मी म्हटलं. मी घरातली सगळी भांडी उपडी घालायला लागले होते. नवरा विचारायचा कुणी गेलंय का.

"घरी ठेवत जा. घरी कुणी मोजत नाही. इथं उपडं."

पलंगाखाली त्यांनी एक हूक मारून घेतला होता, भांडं उपडं टांगायला. हूक प्रत्येक पलंगाला लागला. आजही आहे.

अकराव्या दिवशी सकाळी दहा वाजता मी हुकावरचं भांडं काढलं, आत बघितलं, सिस्टरला आत दाखवलं, पिशवीची तोटी उघडली. भांडं हाताला जड लागलं. मी वर बघितलंच नाही. सिस्टरनं आकडा वाचला आणि परत वाचला.

"चाळीस."

भाऊ दुसऱ्या पेशंटपाशी होते. त्यांनी भांडं मागून घेतलं, उजेडात धरलं, हलवलं, वास घेतला. आयसीयूतले सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"हिचंच आहे," ते म्हणाले.

पुढच्या तासाला साठ झाली. मग नव्वद. मग इतकी व्हायला लागली की तिला पाणी कमी पडू नये म्हणून वरून द्यावं लागलं. मानेतली नळी निघाली. ती चालत घरी गेली तेव्हा चौपन्न किलो होती. नवऱ्यानं भाऊंना तो नारळ दिला, गादीखालचाच. भाऊंनी हातात घेऊन अंदाज केला. "वाळलाय," म्हणाले, आणि घेतला.

मी एकदा त्यांना म्हटलं होतं, "भाऊ, तुमचे उपकार मी कसे फेडू?" ते मशीनच्या नळ्या धूत होते. म्हणाले, "त्याचं वजन होत नाही. ज्याचं वजन होत नाही त्याच्यात मी पडत नाही."

भाऊ निवृत्त होऊन लासलगावला गेले त्याला आता दोन वर्षं होतील. जाताना चार काटे, जॅक आणि वही माझ्याकडे दिली. नव्या मावश्यांना हूक आणि भांडं मी शिकवते, बेरीज मी करते, तोंडी. वडिलांचं वजन मात्र ते घेऊन गेले.

गेल्या दिवाळीत त्यांचा फोन आला. साखर त्यांना जुनीच होती, आता तिनं किडनीला हात लावलाय. डॉक्टरांनी दिवसाला एक लिटर पाण्याची मर्यादा घातली. "बाटलीवर रेघा आधीच आहेत," ते म्हणाले.

"सत्तेचाळीस ताई, लिहून घ्या. एकोणसत्तर, दोनशे."

"कुणाचं, भाऊ?"

"माझं."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी आठला फोन येतो. ते आकडा सांगतात, मी त्याच वहीत लिहिते, त्या बाईच्या आकड्यांच्या पुढच्या पानापासून. कसे आहात विचारत नाही. किती आहात ते कळतं. एकोणसत्तर दोनशे, एकोणसत्तर, एकोणसत्तर तीनशे.

ज्या रविवारी हा आकडा दोन किलोनं पुढे जाईल, त्या दिवशी मी त्यांना काही विचारणार नाही. लासलगावची पहिली गाडी पकडीन आणि त्यांना इकडे घेऊन येईन. माझ्या पलंगावर झोपवीन, उशीखाली काही ठेवू देणार नाही, भांड्यात आधी बघीन. चार काट्यांची बेरीज मी करीन, आणि ते "परत" म्हणाले तर परत करीन.

मी आता एक्कावन्न आहे. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. ते त्यांनी येऊन बघावं.